एक जोडी, पाच जण

नवी स्की हातात आली की मी आधी तिला वाकवून बघते. मागचं टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या हाताने पुढचं टोक धरायचं आणि उजव्या तळव्याने मधला भाग पुढे रेटायचा. या जोडीचं पुढचं हातभर अंग वेताच्या छडीसारखं सहज झुकलं. बुटाखालचा भाग मात्र हलायलाच तयार नव्हता. उलटी करून मागचं टोक वाकवलं, तर तेही जवळजवळ तितकंच नरम. मग दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या. मधोमध काही मिलिमीटरची फट, म्हणजे कॅम्बर. बुटाच्या पुढे आणि मागे तळ एकमेकांना टेकलेले, आणि तिथून टोकांकडे जाताना पुन्हा हळूहळू उघडलेले, ओंजळ सोडताना बोटं सुटी होतात तसे. तो रॉकर. लांबी १७६ सेंटिमीटर, कमरेची, म्हणजे मधल्या सगळ्यात अरुंद भागाची, रुंदी ९८ मिलिमीटर, आणि दोन्ही टोकं वर वळलेली.

अशा स्कीला खेळकर म्हणतात, आणि डोंगरावर कुठेही नेता येते म्हणून ऑल-माउंटनही म्हणतात. ‘खेळकर’ या शब्दाने माझं कधी समाधान झालं नाही. वजन सांगितलं की कळतं, रुंदी सांगितली की कळतं. पण खेळकर कुणाशी? मूलसुद्धा समोर येईल त्या प्रत्येकाशी सारखं खेळत नाही. त्या आठवड्यात हीच एक जोडी आम्ही पाच जणांनी आळीपाळीने वापरली, आणि मला माझ्या प्रश्नाचं उत्तर पायांनी मिळालं. ते सहजासहजी मिळालं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड. या जोडीवर डेमो बाइंडिंग होतं, म्हणजे रुळावर पुढे-मागे सरकणारं. बूट बदलला की बुटाच्या तळाची लांबी बघून ते जुळवायचं, आणि सुटण्याचा आकडा, ज्याला सगळे डिन म्हणतात, तोही प्रत्येकासाठी नव्याने लावायचा. वजन, उंची, वय, स्कीइंगची पद्धत आणि बुटाची लांबी एवढ्या सगळ्यावरून तो ठरतो. ‘तुझंच राहू दे, दोनच फेऱ्या मारतो’ असं कुणी म्हणालं की मी ऐकत नाही. जास्त घट्ट बाइंडिंग पडताना सुटत नाही आणि गुडघा जातो. फार सैल असलं तर भलत्या ठिकाणी सुटतं. दर अदलाबदलीला हे काम जाणकाराकडून करून घेतलं, आणि त्या पाच-दहा मिनिटांच्या खोळंब्यावर कुणी कुरकुर केली नाही, याचं मला बरं वाटलं.

पहिला मान मित्राचा. वजन ९५ किलो, वेगाची आवड, आणि स्की जितकी ताठ तितकी चांगली हे त्याचं ठाम मत. सकाळचा उतार रात्री यंत्र फिरवून सपाट केलेला, वर बारीक रेघांचा पोत, चांगला घट्ट. पहिली चार वळणं त्याने मन लावून कापली. खालून मला दोन स्वच्छ रेघा दिसत होत्या, पेन्सिलीने ओढाव्यात तशा. मग त्याने वेग वाढवला आणि पुढची टोकं फडफडू लागली. ती फडफड दिसायला भयंकर, पण खरं सांगायचं तर निरुपद्रवी असते. रॉकरमुळे तो भाग बर्फाला टेकलेलाच नसतो, हवेत हलत असतो. अडचण वेगळीच होती. वळणाच्या शेवटी, जिथे जोर सगळ्यात जास्त येतो, तिथे मागचं टोक धरून राहण्याऐवजी बाहेर घसरत होतं. रेघ तिथे तळहाताएवढी रुंद व्हायची.

असं का, हे हिशोबाने समजून घ्यायला मला आवडतं. स्कीच्या मागच्या भागावर साइडकटची, म्हणजे तिच्या कडेच्या आत वळलेल्या कमानीची, त्रिज्या छापलेली असते. या जोडीवर १७ मीटर होती. पण तो आकडा स्की सपाट पडलेली असतानाचा. स्की कडेवर कलली की त्रिज्या आखडत जाते. ४५ अंशांना १७ चे साधारण १२ मीटर होतात, ६० अंशांना साडेआठ. आता ताशी ३६ किलोमीटर वेगाने १२ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर शरीराचा भार जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. मित्राचे ९५ किलो स्कीला सव्वाशे किलोंसारखे जाणवतात. ज्या नरम टोकाला मी हाताने वाकवलं होतं, त्याच्यावर तो सव्वाशे किलो टाकत होता, आणि वेग वाढला की आणखी. टोक बिचारं किती धरणार?

दुपारी बर्फ तुडवला गेला, नांगरलेल्या शेतासारखी ढेकळं झाली, आणि तिथे त्याची पंचाईतच झाली. त्याच्या नेहमीच्या स्कीत लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटॅनलचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या एका मजबूत मिश्रधातूचे, दोन पत्रे आहेत. ती वजनदार स्की ढेकूळ फोडून पुढे जाते. ही हलकी होती, तिचं टोक ढेकळाला लागून बाजूला फेकलं जायचं. लाकडाला अ‍ॅल्युमिनियमची जोड द्यायची ही कल्पना जुनी आहे. विमानांच्या कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेड या अमेरिकन माणसाने १९५० च्या सुमारास तशी स्की विकायला काढली. धातूमुळे काय मिळतं, हे आजही अशा दुपारीच कळतं. मित्राने जोडी परत दिली आणि म्हणाला, ‘‘छान आहे गं, पण माझ्याशी बोलत नाही.’’ त्याचं बरोबरच होतं. दहा सेंटिमीटर जास्त लांब जोडी असती तर कदाचित बोलली असती. वजनदार माणसाने नरम स्की घेताना लांबीत कंजुषी करू नये, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी वहिनी. तिचा हा तिसराच हंगाम, वजन ५२ किलो, उंचीही बेताची. १७६ ची स्की उभी केली तर तिच्या डोक्यावरून वर जात होती, त्यामुळे मी धास्तावले होते. ‘‘ताई, मला झेपेल ना?’’ असं तिने तीनदा विचारलं. झेपली, आणि का झेपली ते बघण्यासारखं होतं. घट्ट उतारावर रॉकरचा भाग हवेत असतो, त्यामुळे बर्फाला धरणारी कड प्रत्यक्षात बरीच आखूड असते. डोंगरावर तीच जोडी तिच्याशी आखूड स्कीसारखी वागत होती. शिवाय तिची एक जुनी खोड होती. वळण सुरू करताना ती अजून किंचित पाचर करायची, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, आणि जुन्या भाड्याच्या स्कीचं मागचं टोक त्या पाचरीत अडकायचं. इथे ते अडकलंच नाही. पाय नुसता फिरवला की मागचं टोक बर्फावरून पुसत पुसत यायचं. चौथ्या फेरीला पाचर आपोआप नाहीशी झाली. मी काहीही शिकवलं नव्हतं. अडकण्याची भीती गेली आणि पाय आपसूक समांतर झाले.

तिच्यासाठी ही स्की सर्वगुणसंपन्न होती असं मात्र नाही. सावलीतल्या एका पट्ट्यावर बर्फ काचेसारखा चकचकीत झाला होता. तिथे तिची मांडी थरथरू लागली. ९८ मिलिमीटर कमरेच्या स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून ४९ मिलिमीटर बाहेर असते. ७८ च्या स्कीची ३९. फरक एका सेंटिमीटरचा, पण कठीण बर्फावर कडेवर उभं राहायचं तर तो सेंटिमीटर गुडघ्याला आणि घोट्याला दर वळणाला पेलावा लागतो. तरफेचा साधा नियम आहे. ज्याला बहुतेक वेळ कठीण बर्फावरच जायचं आहे, त्याला मी रुंद स्की सुचवणार नाही, ती कितीही गोड असो. आणि ५२ किलो वजनाने तिला स्की पुरेशी वाकवताही येत नव्हती. मित्र ज्या टोकाला नरम म्हणून नावं ठेवत होता, तेच वहिनीला चांगलं घट्ट वाटत होतं. दोघंही खरं बोलत होते. स्कीचं कुठलंही परीक्षण वाचताना लिहिणाऱ्याचं वजन आधी शोधावं, असं मला तेव्हापासून वाटतं. ते दिलेलं नसेल तर ‘नरम’ आणि ‘ताठ’ या शब्दांना काही अर्थच उरत नाही.

भाच्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याच्याबाबतीत प्रश्नच नव्हता. वय सोळा. त्याने स्की घातली, उतारावरचं पहिलं छोटं टेकाड बघितलं, त्यावरून उडी मारली, हवेत अर्धी गिरकी घेतली आणि उलटा, पाठमोरा खाली उतरत राहिला. ‘‘आत्या, हिला मागचं-पुढचं काही नाहीच!’’ असं तो ओरडला. दोन्हीकडे वर वळलेली टोकं तशी आज सवयीची झाली आहेत, पण सॅलोमन कंपनीची टेनएटी ही दुटोकी स्की १९९८ मध्ये आली, तेव्हा कॅनडातल्या काही तरुणांच्या हट्टाचा त्यात मोठा वाटा होता. त्यांना स्नोबोर्डवाल्यांसारखं उलटंही उतरायचं होतं, आणि त्या काळच्या स्कीचं सपाट मागचं टोक बर्फात रुतायचं. रॉकर आला २००२ च्या सुमारास. शेन मॅकॉन्की हा स्कीपटू अलास्काच्या खोल बर्फात चक्क पाण्यावरच्या स्की घालून उतरला होता, आणि त्याच विचारातून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला ही उलट्या बाकाची स्की घडली. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात मरण पावला. आज ज्या कुणाच्या स्कीचं टोक ताज्या बर्फात न बुडता वर राहतं, त्याच्या आनंदात त्या माणसाचा थोडा वाटा आहे, असं मी मनापासून मानते.

चौथी मी. त्या दिवशी नेमका ताजा बर्फ पडला होता, जेमतेम घोटाभर, आणि खाली आदल्या दिवसाची ढेकळं. मी ज्या पद्धतीने शिकले तिचा मूलमंत्र होता पुढे राहा. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची, स्कीचं पुढचं टोक बर्फात रोवायचं आणि त्याच्या आधाराने वळण ओढून घ्यायचं. माझ्या स्वतःच्या स्कीवर हे अगदी चपखल बसतं. तिचं बाइंडिंग स्कीच्या मध्यबिंदूच्या ११ सेंटिमीटर मागे आहे, त्यामुळे माझ्यापुढे भरपूर स्की असते आणि ती ताठ असते. या जोडीवर शिफारस केलेली रेघ मध्याच्या फक्त ५ सेंटिमीटर मागे होती. सहा सेंटिमीटरचा फरक मला कागदावर माहीत होता, पण पायांना तो कुणी सांगितला नव्हता.

तिसऱ्या वळणाला मी नेहमीसारखी जिभेवर दाबले गेले. पुढे आधार असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. टोक वाकलं, नव्या बर्फाखालच्या ढेकळात शिरलं, आणि मी स्कीच्या पुढून तोंडावर आपटले. एक बाइंडिंग सुटलं, दुसरं राहिलं. लागलं नाही. बर्फातून उठताना मात्र मनात राग होता. मी स्कीला दोष दिला. मित्राचीच वाक्यं माझ्या तोंडून येऊ लागली. मग पुढच्या दोन फेऱ्यांमध्ये मी मागे रेलून पाहिलं. तेही चुकलं. मागचं टोक निसटलं आणि मांड्या पेटल्या.

वर जाणाऱ्या खुर्चीत सर शेजारी होते. सरांनीच मला पहिल्यांदा स्कीवर उभं केलं. आता ते ७१ वर्षांचे आहेत. त्यांनी माझी फेरी वरून पाहिली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘तू टोकांशी भांडते आहेस. टोकं पुढे-मागे आहेत, असू दे. तू तुझ्या पायाखाली उभी राहा.’’ मी म्हटलं, ‘‘सर, पुढे राहायला तुम्हीच तर शिकवलंत.’’ ‘‘त्या स्कीवर तेच खरं होतं,’’ ते शांतपणे म्हणाले.

त्या फेरीत मी फक्त एकच गोष्ट केली. तळपायाचा कुठला भाग बुटाच्या तळाला टेकला आहे, याकडे लक्ष दिलं. टाच आणि चवडा, दोन्हींवर सारखा भार. नडगी जिभेला नुसती स्पर्श करून असेल, इतपत. आणि स्की बदलली. खरं तर स्की तीच होती, पण मला तिचा मध्य सापडला. दोन्ही बाजूंना सारखंच वजन असलेली ती स्की फुटपट्टी बोटावर तोलावी तशी पायाखाली तोलून राहत होती. डावीकडे वळायचं मनात आलं की वळलेली असायची. वळणाच्या मध्यावर विचार बदलला, तर कड सोडून आडवी घसरायची, वेग कमी करायची आणि पुन्हा कड धरायची. माझ्या ताठ स्कीवर एकदा वळण सुरू केलं की ते पूर्ण करावं लागतं. तो एक करार असतो. इथे वाक्य अर्ध्यावर मोडून दुसरं सुरू करता येत होतं. झाडांमधल्या अरुंद वाटेत मला इतकी मोकळीक आधी कधीच मिळाली नव्हती. खालच्या थांब्याला पोचले तेव्हा माझे खांदे सैल होते, आणि ते सैल आहेत हे जाणवून मला थोडं रडू आलं. इतकी वर्षं मी ते आवळूनच उतरत होते.

संध्याकाळी मेण लावायला जोडी टेबलावर घेतली. डाव्या स्कीच्या आतल्या पोलादी कडेवर, बुटाच्या जरा पुढे, एक बारीक खाच पडली होती. नख फिरवलं की तिथे अडकायचं. बाकी कडेवर नखाचा पांढरा भुगा निघत होता, म्हणजे धार शाबूत होती. टोकांकडची धार मी मुद्दाम थोडी मोडली, घासायच्या रबराने तीन-चार हलके हात मारून. रॉकरच्या भागात फार धार राहिली तर स्की नको तिथे बर्फ पकडते आणि तिचा सगळा सैलपणा जातो. पायाखालच्या भागाला मात्र हात लावला नाही. पकड हवी ती तिथेच.

शेवटच्या दोन दिवसांपैकी पहिल्या दिवशी सरांनी जोडी मागितली. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. मोगल, म्हणजे उतारावर ओळीने उठलेले बर्फाचे उंचवटे, एकेकाळी त्यांच्या सगळ्यात आवडीचे. ते त्यांनी कधीच सोडून दिले होते. बाइंडिंग लावताना त्यांचं सेटिंग एक पायरी कमी केलं, पन्नाशीच्या पुढे तसं करावंच लागतं. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं आणि बाइंडिंग एक सेंटिमीटर मागे सरकवायला सांगितलं. ‘‘पुढे थोडं जास्त असू दे, माझी जुनी सवय.’’ मला ते पटलं. रेघ कारखान्यात आखलेली असते, सवय माणसाची असते, आणि एका सेंटिमीटरवर दोघांची तडजोड होऊ शकते.

आम्हाला वाटलं, ते कडेच्या सोप्या उतारावरून जातील. ते सरळ मोगलांच्या माथ्यावर जाऊन थांबले. मी खाली, तिसऱ्या-चौथ्या उंचवट्याशी उभी होते, त्यामुळे मला जवळून दिसलं. स्कीचं नरम टोक समोरच्या उंचवट्याला लागायचं आणि धक्का द्यायच्याऐवजी त्याच्या चढावर वाकून वर चढायचं. सरांचे गुडघे तेवढेच वर यायचे, शांतपणे, पाण्यावरच्या होडीसारखे. माथ्यावर पोचलं की दोन्ही टोकं हवेत, स्कीचा फक्त बुटाखालचा भाग टेकलेला. तिथे ते पाय फिरवायचे, जोर न लावता. मग मागचं टोक पलीकडच्या उतारावरून घसरत खाली यायचं, आणि घसरता घसरताच वेग कमी व्हायचा. दर उंचवट्यावर हेच, घाई नाही. टोक वाकण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, नुसता बर्फ पुसल्याचा.

माझ्याजवळ येऊन ते थांबले. काठ्यांवर रेलून श्वास घेतला, मग एक पाय किंचित उचलून स्कीचं मागचं टोक हवेत हलवून बघितलं. ‘‘हे सोडतं,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या वेळच्या २०५ च्या सरळ स्की. मागचं टोक सोडवायला दर वळणाला उडी मारावी लागायची. गुडघे त्यातच गेले.’’ थोडा वेळ ते खालच्या उरलेल्या उंचवट्यांकडे बघत राहिले. ‘‘बाइंडिंग आता रेघेवर आणू या,’’ ते म्हणाले, ‘‘तो एक सेंटिमीटर नकोच होता.’’

खाली पोचल्यावर ते आणलं. ती जोडी त्यानंतर आठवडा संपेपर्यंत सरांकडेच होती.